दहा डिसेंबरपर्यंत

२८ ऑगस्ट, गुरुवार

फरहीनच्या अब्बांना जाऊन आज चोवीस दिवस झाले. घरात बोलायला कुणी नाही म्हणून ही वही काढली. त्यांच्या कामाचीच आहे. पहिल्या दोन पानांवर पेट्यांची मापं आहेत, लांबी, रुंदी, उंची. ती पानं तशीच ठेवली आणि तिसऱ्यापासून लिहायला घेतलं.

मी बिलकीस. शाळेत गेले नाही. फरहीनचे अब्बा, चाँद पाशा, पत्र्याच्या पेट्या करायचे आणि रंग देताना खाली जुने पेपर पसरायचे. रंगाचे डाग सोडून जेवढं दिसायचं तेवढं मी वाचत गेले. पहिली काही वर्षं एकही बातमी पुरती वाचायला मिळाली नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मला लिहिता येते ती मराठीच, म्हणून घरातलं बोलणंही इथं मराठीत उतरणार.

इद्दत चालू आहे. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस त्याच्या घरातच राहायचं, बाहेर पडायचं नाही. चंद्राच्या महिन्यांनी मोजलं तर दहा डिसेंबरला संपते. शेजारणी हळहळतात, एवढे दिवस कोंडून कशा राहता म्हणतात. मला कोंडल्यासारखं होत नाही. त्यांच्यासाठी करायचं एवढं एकच काम उरलंय.

पडवीत एक पेटी अर्धवट आहे. झाकण बसवायचं राहिलं. जावई कलीम म्हणाला, उचलून ठेवू का. नको म्हटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज घरमालक विकास आला. म्हणजे माणिकरावांचा मुलगा. माणिकराव दोन वर्षांमागं वारले. आम्ही या घरात आलो तेव्हा विकास दहा-अकरा वर्षांचा होता. आता नांदेडला राहतो, पोट सुटलंय. मी पडद्याआडून बोलले. तो पडवीत स्टुलावर बसला.

"चाची, चाचाचं लई वाईट झालं. मला उशिरा कळलं."

"अल्लाची मर्जी."

त्यानं स्टूल पडद्याच्या जरा जवळ ओढलं. मग म्हणाला, "एक बोलायचं होतं. ही जागा एक जण हळदीच्या गोदामाला मागून राहिलाय. मी नांदेडला, इकडं बघायला कोण हाय?"

"एकोणतीस वर्षं आमी बघून राहिलो की."

"व्हय, पर कागद कुठाय चाची? बापूनं अन् चाचानं समदं तोंडातोंडी केलं."

"भाडं कधी थकलं का?"

"न्हाई ना. मी तसं म्हणतच न्हाई." तो उठला. "भांडण नको, कोरट नको. तुमच्या हातची भाकर खाल्लेला माणूस हाय मी. आता मोबाईलवर समेट होते. तुमाला बी सोयीचं, बाहेर निघायचं न्हाई ना."

जाताना अर्ध्या पेटीवर टिचकी मारून गेला. तो आवाज मला आवडला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

फोनवर संदेश आला. निवास-समेट केंद्र, वाद क्रमांक, अर्जदार विकास, प्रतिवादी मी. प्रतिवादी हा शब्द पेपरात पुष्कळदा वाचलाय, स्वतःच्या नावापुढं पहिल्यांदा बघितला.

गल्लीच्या तोंडाशी निताचं फॉर्म भरायचं दुकान आहे. मूळची तांड्यावरची, जिभेची तिखट, मनानं चांगली. तिला बोलावलं. तिनं वाचून सांगितलं की आधी एक मशीन फोनवर माझं म्हणणं ऐकणार. मग मशीनच दोघांचं म्हणणं जुळवून समेट लिहिणार. दोघांनी मान्य केलं की तोच आदेश. कोर्टाची पायरी चढायची गरज नाही.

"माणूस न्हाईच का कुठं?"

"असतो की, हिंगोलीच्या हापिसात. पर त्याच्यापर्यंत कोणी जाऊच न्हाई म्हणून तर मशीन ठिवली." निता हसली. "मावशी, नीट बोला बरं का. रडू नका. रडल्यावर तिला शब्द समजत न्हाईत. माझ्या दुकानात एक म्हातारी अर्धा तास रडली, मशीननं लिवलं, प्रतिवादी गैरहजर."

सोमवारची वेळ घेतली. निताला दुकानात गर्दी असते, म्हटलं मी एकटी बोलेन. वाचता तर येतं मला.

२२ सप्टेंबर, सोमवार

बोलले. मोठी लिहिण्यासारखी गोष्ट आहे म्हणून सगळं लिहिते.

आवाज बाईचा होता, मऊ, घाई नसलेला. नाव विचारलं. मग म्हणाली, "या घरासंदर्भात आपण कोण आहात? भाडेकरू, नातेवाईक, पाहुणे, की इतर?"

मी विचार केला. भाडेकरू हे होते. माणिकरावांशी बोलणं झालं ते यांचं. भाडं दिलं ते यांनी. मी म्हटलं, "भाडेकरू माझे शोहर होते."

"ते आता येथे राहतात का?"

"नाही."

"मग आपल्यासाठी 'इतर' असे नोंदवत आहे. चालेल का?"

चालेल म्हटलं. खोटं सांगायचं नव्हतं.

"सध्या आपण या घरात कोणत्या कारणासाठी राहत आहात?"

"इद्दतीत आहे."

"हा शब्द समजला नाही. कृपया वेगळ्या शब्दांत सांगा."

मग मी सांगितलं. आधी इद्दत म्हणजे काय ते. मग हे कसे गेले ते. सकाळी पत्रा कापताना हात थांबला, कातर खाली ठेवली, नीट जागेवर ठेवली, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, पाणी दे. पाणी घेऊन येईपर्यंत बसलेले होते. मी सांगतच गेले. लग्नाच्या चौथ्या वर्षी मला पेपर वाचताना पकडलं तेव्हा हसले नाहीत, दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ पान वेगळं काढून ठेवायला लागले, तेही सांगितलं. गेल्या दीड महिन्यात घरी शंभर बायका येऊन गेल्या असतील. सगळ्या म्हणाल्या सबर करो. कुणी मला मधे न तोडता ऐकलं नव्हतं. मशीननं ऐकलं.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. या कारणासाठी आपल्याला या घरात किती काळ राहणे आवश्यक आहे?"

"दहा डिसेंबरपर्यंत. त्याच्या आत मी उंबरा ओलांडणार नाही. कुणीही आलं तरी."

"धन्यवाद. नोंद घेतली आहे."

फोन ठेवला तेव्हा हलकं वाटलं. संध्याकाळी पोटभर जेवले.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी उगाच पुन्हा तो नंबर लावून बघितला. "आपली नोंद पूर्ण झाली आहे" म्हणाली. तोच आवाज. पुढं काही बोलू दिलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

समेट आली. चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. असं लिहिलंय: "प्रतिवादी या पतिनिधनानंतरच्या धार्मिक कारणास्तव सदर घरात राहत असून, दि. १० डिसेंबरपर्यंत तेथे राहतील. तोपर्यंत अर्जदार त्यांना कोणताही त्रास देणार नाही. यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे."

डोळ्यांत पाणी आलं. विकासबद्दल मी मनात वाईट आणलं होतं. माझ्या इद्दतीचा मान त्यानं ठेवला. माणिकरावांचं रक्त आहे शेवटी.

खाली हिरवं बटण होतं, मान्य. दाबलं. मग मशीननं चेहरा दाखवायला सांगितला, तो दाखवला. पदर सारखा करून.

विकासला निरोप पाठवला, अल्ला तुझं भलं करो. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी निता कागद घेऊन धावत आली. तिच्या दुकानातल्या मशीनवर आदेश छापून आलाय. ती दारातच म्हणाली, "मावशी, तुमी हे काहून मान्य केलं?"

"काय?"

"घर सोडायचं."

मी म्हटलं, तसं काही नाही, मी दोनदा वाचलंय. तिनं बोट ठेवून दाखवलं. वरच्या तीन ओळी त्याच होत्या. खाली नवीन ओळ होती: सबब, दि. ११ डिसेंबर रोजी सदर जागेचा ताबा अर्जदारास देण्यात यावा.

"ही ओळ न्हवती," मी म्हटलं.

"न्हवतीच. पर वरच्या ओळीतून निघती ना मावशी. दहापर्यंत राहीन म्हणलं, म्हणजे अकराला जाईन."

"मी इद्दतीचं बोलले गं. ती विचारून राहिली तेच सांगितलं."

निता खाली बसली. मग तिनं कागदाची मागची बाजू वाचली. हरकत घ्यायची असेल तर एकवीस दिवसांत. म्हणजे सतरा नोव्हेंबरपर्यंत. हिंगोलीच्या केंद्रात स्वतः हजर राहून.

"फोनवरून न्हाई का?"

"मान्य फोनवरून करता येतं. नको म्हणायचं असलं तर सोता जावं लागतं."

सतरा नोव्हेंबर. इद्दत संपायला तेवीस दिवस कमी.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

विकासला फोन केला. म्हणाला, "चाची, मी एक शब्द बोललो का? तारीख तुमीच दिली. मी तर म्हणलं होतं दिवाळीपर्यंत. मशीन म्हणली, बाई दहा डिसेंबर म्हणती. मी म्हणलं बराबर हाय, दिली."

मी विचारलं, त्यानंतर मी कुठं जाऊ?

"हट्ट्याला फरहीनकडं जाताल की. मला वाटलं ठरलंय तुमचं."

तो खोटं बोलत नव्हता असं मला वाटतं. हेच जास्त लागलं. कुणावर राग काढायला जागा नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

फरहीन आली. कागद वाचला आणि भांडी घासायला बसली. रागात असली की ती भांडी घासते.

"अम्मी, सोमवारी जायचं हिंगोलीला. मी गाडी सांगते."

"इद्दत आहे."

"घर गेलं तर इद्दत कुठं करणार? रस्त्यावर?"

"घर अकराला जातंय. इद्दत दहाला संपते. तोवर मी इथंच आहे."

तिनं पातेलं आपटलं. "अब्बा असते तर काय म्हणाले असते?"

"अब्बा असते तर इद्दतच नसती."

ती परत भांड्यांकडं वळली. जाताना ती म्हणाली, मौलाना अबूबकरना विचारून बघते. आमच्याकडं ये राहायला, असं ती म्हणाली नाही. तिच्या घरात सासू, दीर, जाऊ, चार लेकरं आणि दोन खोल्या आहेत. मीही विषय काढला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मौलानांचा निरोप आला. गरजेच्या कामासाठी बाईला इद्दतीत दिवसा बाहेर पडता येतं. रात्र तिनं आपल्या घरी काढावी. छप्पर वाचवणं ही गरजच आहे.

फरहीन फोनवर ओरडलीच, "ऐकलं ना?"

ऐकलं म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मौलाना सांगायच्या आधीही मला हे माहीत होतं. कुठल्याशा पेपरात सवाल-जवाब यायचे, त्यात वाचलं होतं. इथं खरं लिहायला हरकत नाही. इद्दतीचं मी कारण करते आहे. बाहेर गेलं की त्यांच्याशिवाय परत यावं लागेल. आजवर जिथून कुठून परत आले, पडवीत ठकठक चालूच असायची. एकदाही रिकाम्या घरात परत आलेले नाही मी. घरातच बसले तर ते परत येणं टळतं.

आठ दिवस उरलेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

उद्या शेवटचा दिवस. जाते म्हणून फरहीनला कळवलं. निता म्हणाली, मी दुकान बंद ठेवते, सोबत येते, पण घर एका मिनिटासाठीही रिकामं सोडायचं नाही. "मावशी, कागदाचं काय व्हायचं ते होईल. आत जो बसलाय त्याला उठवायला वर्षं लागतात. बाहेर जो हाय तो बाहेरच. याला ताबा म्हणतात."

म्हणजे साडेतीन महिने मी दुःख करत होते आणि त्याच वेळी ताबाही ठेवत होते. मला एकच माहीत होतं.

फरहीन सकाळीच येऊन घरात बसणार आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कालचं लिहिते. सकाळी सातच्या एसटीनं निघालो. उंबऱ्यातून पाय टाकताना मी चौकट धरून उभी राहिले. निता म्हणाली, "मावशी, माझ्या खांद्यावर हात ठिवा अन् एसटीत भांडायला जोर राखून ठिवा." खिडकीतून बघितलं तर सगळीकडं हळदीची हिरवी पानं डोक्याएवढी झालेली. मी आत बसले होते आणि एवढं सगळं वाढलं.

केंद्रात एक खोली, तीन मशीन, एक माणूस. माणूस म्हणजे ऐश्वर्या नावाची तरुण मॅडम. मशीनसमोर बसवलं. चेहरा जुळेना. आधारवरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, तेव्हा मी भरलेली होते. चौथ्यांदा जुळला. मग पडद्यावर आलं, हरकतीचे कारण निवडा. दबाव. फसवणूक. चुकीची तारीख. चुकीचे नाव.

मी मॅडमला म्हटलं, "यातलं काहीच नाही."

"काकू, एक तरी निवडावं लागेल. दबाव टाकू का? सगळे तेच टाकतात."

"दबाव कुणी आणला नाही. तारीखही बरोबर आहे."

"मग हरकत कशाला घेता?"

"इद्दत किती दिवसांची ते मी सांगितलं. घरात किती दिवस राहणार हे मला कुणी विचारलंच नाही."

तिची बोटं थांबली. तिनं विकासचा अर्ज आणि माझी नोंद उघडून वाचली, बराच वेळ. मग विचारलं, "तुम्ही 'इतर' का म्हणालात? नवऱ्यासोबत राहत होता ना?"

"तीस वर्षं. या घरात एकोणतीस."

"भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या बायकोला हक्क सांगता येतो. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मशीननं नाही सांगितलं."

"ती सांगत नाही. अर्जदारानं जे लिहिलं त्यातून प्रश्न काढते. अर्जात लिहिलंय, तात्पुरता मुक्काम." आणि दाराकडं बघून हळूच म्हणाली, "मी हे बोलले असं कुठं बोलू नका."

पाचवा पर्याय होता, खाली सरकवल्यावर दिसणारा. त्यात दोनशे अक्षरं बसतात. मी सांगितलं ते साडेतीनशे झालं. तिनं विचारलं, काय काढू? मी म्हटलं, पाणी मागितलं ते काढा, कातर काढा, सबर काढा. घर आणि वर्षं ठेवा.

पावती मिळाली. पुढची सुनावणी २४ फेब्रुवारी, फोनवरच, पण माणसासमोर. तोवर जैसे थे.

सूर्य मावळायच्या आत घरी आलो. दार आतून बंद. फरहीननं आधी खिडकीतून बघितलं, मग कडी काढली. दुपारी विकास दोन माणसं घेऊन आला होता. एकाच्या हातात टेप होता, दुसऱ्याच्या हातात नवीन कुलूप. चाची बाहेर गेल्याचं त्याला कुणीतरी कळवलं होतं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नुसतं माप घ्यायचंय. मी म्हटलं, घ्या की, बाहेरून घ्या. भिंत दोन्हीकडून तेवढीच आहे."

"आणि कुलूप?"

"विचारलं मी. म्हणाला, असंच, रस्त्यात घेतलं."

आम्ही दोघी हसलो. मग फरहीनचा हात बघितला. दिवसभर कडी धरून बसल्यासारखा लाल झाला होता.

२ डिसेंबर, मंगळवार

समोरच्या ओट्यावर एक माणूस दोन दिवसांपासून चहा पीत बसतो. फरहीननं सांगितलेला टेपवालाच असावा. बोलत नाही. मी खिडकीत दिसले की दुसरीकडं बघतो.

१० डिसेंबर, बुधवार

इद्दत पुरी झाली. पहाटे अंघोळ केली, दुआ केली. त्यांचं नाव घेतलं.

दहा वाजता फोनवर संदेश आला, केंद्राचा: "आज आपला नोंदवलेला मुक्काम पूर्ण होत आहे. आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या." हरकतीचं त्याला ठाऊक नसावं. मी एकही तारा दिला नाही. मग तो दर तासाला आठवण देत राहिला.

फरहीन आणि कलीम जीप घेऊन आले. तिनं फिकट निळी साडी आणली होती. रिवाज असा की इद्दत संपली की माहेरचं नाहीतर लेकीचं माणूस बाईला घराबाहेर नेतं, आपल्याकडं जेवू घालतं. हट्ट्याला सगळा स्वयंपाक तयार होता. साडी नेसले. पायात चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेले.

समोर तो माणूस ओट्यावर होता. आज त्याच्याजवळ पिशवी होती.

फरहीननं त्याला बघितलं, मी बघितलं. कलीम म्हणाला, मी थांबतो घरात, तुम्ही दोघी जा. पण जीप त्यालाच चालवता येते. निताला विचारावं तर आज तिच्या दुकानात फॉर्मची शेवटची तारीख, रस्त्यापर्यंत रांग. मी चपला काढल्या. कलीम हट्ट्याला जाऊन डबे घेऊन आला. आम्ही इथंच जेवलो. जेवण चांगलं होतं. मी तसं म्हणालेही.

मला हट्ट्याला जायचंही नव्हतं तेवढं. कब्रस्तानपर्यंत जायचं होतं. आत नाही, भिंतीपाशी उभी राहून सलाम करून परत येणार होते. वीस मिनिटांची वाट. फरहीनला हे आज सांगितलं. ती म्हणाली, "आधी बोलायचं ना अम्मी." जीप परत करायची वेळ झाली होती, घरी लेकरं वाट बघत होती.

"रविवारी सकाळी येते. मी बसते घरात. तुम्ही आरामात जाऊन या."

हौ म्हटलं.

ते गेले. आतून कडी घातली. आज बुधवार आहे.